मदत हवी आहे : प्रवाळभित्तीवर माजणारे शैवाल हे कारण की परिणाम?

नमस्कार. एका मुद्द्यावर माझे अडले आहे, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

प्रवाळाच्या पेशींत राहणारी झूझँथेली ही एकपेशीय शैवाले प्रकाशसंश्लेषणातून यजमानाची ऊर्जेची बहुतांश गरज भागवतात, आणि पाणी फार काळ तापलेले राहिले की ही भागीदारी मोडून पारदर्शक ऊतीखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो, एवढे समजले. खडकावर गुलाबी लेपासारखी पसरणारी चुनखडीयुक्त शैवाले भित्तीचे तुकडे सांधतात आणि त्यांतील काही प्रवाळाच्या अळ्यांना तेथे स्थिरावण्याचा संकेतही देतात. (त्यांना मिळायला हवे तेवढे श्रेय मिळत नाही, असे मला वाटते.)

प्रश्न आहे तो मोठ्या, मांसल शैवालांचा. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रातील डायाडेमा जातीचे, शैवाल खाणारे सी अर्चिन (लांब काट्यांचे गोलसर समुद्री प्राणी) रोगाने मोठ्या संख्येने मेले आणि जमैकाच्या भित्तींवर शैवाल माजले. मात्र तेथील पोपटमासे, जे शैवाल खातात, अतिमासेमारीमुळे आधीच घटले होते आणि १९८० च्या ॲलन चक्रीवादळाने फांद्यांचे प्रवाळ मोडून टाकले होते. अशा वेळी शैवालाने जिवंत प्रवाळाला सावली आणि घर्षणाने मारले, की मेलेल्या प्रवाळाची मोकळी जागा केवळ व्यापली, हे अभ्यासक कसे ठरवतात? एकाच जागेच्या क्रमवार छायाचित्रांवरून ते कळते, की मासे आत येऊ न देणारे पिंजरे लावून प्रयोग करावे लागतात? शैवालाला खतासारखे पोषण देणाऱ्या सांडपाण्यातील नायट्रोजन-फॉस्फरसचा वाटा त्यातून वेगळा कसा काढतात, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.