घड्याळाने दाखवलेल्या जाळलेल्या कॅलरी परत खायच्या का?

काटेकोर:
कालच्या धाग्यावर झिजवा_चपला यांनी ठोकून दिलं की "तासभर चालून घड्याळाने ४२० दाखवल्या की तेवढं निर्धास्त खा, नाहीतर शरीर घाबरून चरबी धरून बसतं." उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा.

७० किलो, १६० सेंमी, ३८ वर्षांची बाई घ्या. मिफ्लिनच्या सूत्राने (वजन × १० + उंची × ६.२५ − वय × ५ − १६१) ७०० + १००० − १९० − १६१ = १३४९. हा नुसतं पडून राहण्याचा खर्च. बैठं काम म्हणून १.२ ने गुणा, १६२० येतात. 'हलका व्यायाम' म्हणून १.३७५ ने गुणा, १८५५. ॲपमध्ये दुसरा पर्याय निवडला म्हणजे चालणं त्यात आलंच. त्यावर घड्याळाचे ४२० पुन्हा जमा करणं म्हणजे एकाच चालण्याची दोनदा वसुली. इथेच घोडं पेंड खातं.

आता त्या ४२० कडे बघू. ताशी ५ किमीने तासभर चालायला बसण्याच्या साधारण साडेतीनपट खर्च येतो: ७० × ३.५ = २४५. त्यातले ७० सोफ्यावर बसूनही जळणारच होते. नक्त उरले १७५. स्टॅनफर्डने २०१७ साली सात मनगटी यंत्रं तपासली. कॅलरींच्या बाबतीत त्यातलं सगळ्यात बरं यंत्र सरासरी २७ टक्के चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्के. ठोके मात्र बहुतेकांनी नीट मोजले होते. वजन उतरवायला १६२० मधून रोज ४०० कमी खायचं ठरवलंय असं धरा. १७५ जाळून ४२० खाल्ले तर ती ४०० ची तूट १५५ वर येते. 'हलका व्यायाम' निवडला असेल तर तूट जाऊन रोज ८० वर चढतात.

झिजवा_चपला:
धागा माझ्याच नावाने काढलात, आभार. तुमची ती बाई रविवारी १८ किमी धावते असं धरा. धावण्याला दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी. १२६० झाले, नक्त ११०० म्हणा. तुमच्या कोष्टकाने तिने त्या दिवशीही १६२० वजा ४००, १२२० च खायचे, म्हणजे हृदय, मेंदू, पाळी, हाडं सगळ्यांना मिळून १२०! चरबी वगळून जे वजन उरतं त्याच्या किलोमागे ३० कॅलरींच्या खाली महिनोन्महिने राहिलं की पाळी चुकते, हाडांना बारीक तडे जातात. ऑलिंपिक समितीने २०१४ सालीच याला 'रेड-एस' नाव दिलंय. सोफ्यावर बसून गुणाकार करणाऱ्यांना हे दिसत नाही.

काटेकोर:
१८ किमी धावणारीला जरूर खाऊ द्या, आधी दोन केळी, नंतर डाळभात. पण तुम्ही सल्ला दिला होता बागेत फेऱ्या मारणाऱ्यांना. आणि खाणं कमी केलं की खर्च थोडा घटतो, हे खरं. शरीर चरबी 'धरून बसतं' हे नव्हे. तसं असतं तर दुष्काळात माणसं रोडावलीच नसती.

तराजू:
दोघंही उगाच भांडताय. चूक घड्याळात कमी, कढईत जास्त आहे. चौघांच्या भाजीला 'अंदाजे' ६० मिली तेल पडतं. ते ५५ ग्रॅम भरतं, म्हणजे ४९५ कॅलरी, माणशी सव्वाशे. वहीत मात्र 'एक छोटा चमचा, ४०'. दोन वेळचे मिळून १७० सुटले. काटेकोरांचं तासभराचं चालणं तिथेच संपलं.

मिरीमसाला:
झालं, आला तेलाचा जप. फोडणीशिवाय भाजी म्हणजे आजाऱ्याचं जेवण. तेलाला शिव्या देणारेच एकादशीला खिचडी चापतात. साबुदाणा ६० ग्रॅम २१०, दाण्याचं कूट २५ ग्रॅम १४०, तूप दोन छोटे चमचे ९०, अर्धा बटाटा ४०. एका बशीत ४८०. एकादशी अन् दुप्पट खाशी!

तराजू:
शिव्या कुठे दिल्या? मोजा म्हटलं. आणि नुसतं तेल नाही, भातही. १०० ग्रॅम कच्चे तांदूळ शिजून २८०–३०० ग्रॅम होतात, कॅलरी तेवढ्याच, ३५०. शिजलेला भात तोलून 'कच्चा' नोंदवला की तिप्पट, कच्चा तोलून 'शिजलेला' नोंदवला की एक तृतीयांश. मोडाच्या मटकीचीही तीच गत. रिकाम्या पातेल्याचं वजन एकदाच झाकणावर मार्करने लिहून ठेवा. शिजल्यावर पातेल्यासकट तोला, वजा करा, आपल्या वाढीचा वाटा काढा. 'वाटी' हे माप नाही, प्रत्येक घरात वेगळी असते.

बाराखडी:
जेवायचं की प्रयोगशाळा चालवायची? डॉ. दीक्षितांच्या आहाराचं बरं. दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत, ४५ मिनिटांत साडेचार किमी चाला, वही नको.

तराजू:
दोनदा जेवण म्हणजे कमी जेवण हे कुणी सांगितलं? ५५ मिनिटांत वरण-भात-तूप-शिरा आरामात बसतं. जमतं त्याचं जमतं, पण वजन अडलं की शेवटी वहीच काढावी लागते. आणि मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, साखर एकदम खाली जाते.

काटेकोर:
धाग्याचा विषय तेल नव्हता, पण तराजूंचं मान्य करावं लागतंय. मग सूत्र आणि घड्याळ दोन्ही बाजूला ठेवा. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा, सात दिवसांची सरासरी काढा. पहिला आठवडा सोडून द्या, तेव्हा ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर, पाणी उतरतं, चरबी नाही. पुढच्या २१ दिवसांत सरासरी ९०० ग्रॅमने उतरली, तर ०.९ × ७७०० ÷ २१, रोजची खरी तूट ३३०. ठरवली होती ४००, तर ७० कुठेतरी गळतायत. बायकांनी पाळीच्या आधीचा आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून बघावा, पाण्याने एखाद-दोन किलो सहज चढतात.

झिजवा_चपला:
म्हणजे महिनाभर थांबायचं, तोवर काय हवा खायची? ठीक आहे. गुणक १.२ ठेवते, घड्याळातला आकडा निम्मा धरते, तोही तासाच्या वर व्यायाम झाला तरच. खूश? तराजू, फोडणीचं तेल नेमकं मोजायचं कसं ते सांगा. कढई गॅसवर असताना काटा खाली सरकवता येत नाही.

तराजू:
कढई नाही, बाटली तोला. बाटली काट्यावर ठेवून शून्य करा, उचलून ओता, परत ठेवा. उणे जो आकडा दिसेल तेवढे ग्रॅम गेले. काटा मध्येच बंद पडणारा असेल तर आधीचं वजन कागदावर लिहा. पोळ्यांना लावलेलं तूप यात येत नाही, त्याची वाटी वेगळी तोला.

मिरीमसाला:
आणि कढईला चिकटलेलं तेल पोळीने पुसून खाता, ते कोण तोलणार?