चौथं वर्ष, सर्जरीची पोस्टिंग आणि माझा हात: सुट्टीत सोलापुरात सराव कुठं करू?

पूर्वभागची_पोर:
नमस्कार. घर सोलापुरात, पूर्व भागात. बी.व्ही.एस्सी.च्या, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीच्या, चौथ्या वर्षाला आहे, कॉलेज बाहेरगावी. सकाळी क्लिनिक, दुपारी मेडिसिन, सर्जरी आणि गायनॅकचे तास, मधेच एक्स-रेचं प्रॅक्टिकल, आणि जरा डोळा लागला की कुणाची तरी म्हैस अडलेली असते. हजेरी भरायची म्हणून तासाला बसते, पण शेवटच्या बाकावर निम्मी बॅच पेंगत असते. ते असो.

प्रश्न हाताचा आहे. परवा एका गाईची रुमेनोटॉमी, म्हणजे पोट चिरून आत अडकलेलं काढायचं ऑपरेशन, झाली. गाय खोड्यात उभी, डावी भकाळी (बरगड्यांमागची कूस) लिग्नोकेनच्या इंजेक्शनने बधिर केलेली. कोटीपोट (चारा साठतो ते मोठं पोट) थोडं बाहेर ओढून आधी कातडीला शिवून घेतलं, म्हणजे आतला आंबलेला चारा पोटाच्या पोकळीत सांडत नाही, आणि मग चिरलं. सरांचा हात खांद्यापर्यंत आत. प्लास्टिकच्या पिशव्या पीळ पडून दोरखंडासारख्या निघत होत्या, त्यात नायलॉनची सुतळी, एक चपलेचा पट्टा. पाटी भरली. हे सगळं मी चिरेची कड धरून बघितलं. शेवटी कातडीचे टाके माझ्याकडे आले, पण नीडल होल्डर (सुई धरायचा चिमटा) थरथरत्या हातात नाचायला लागला. मागं पोरं रांगेत. दोन टाक्यांनंतर नंबर पुढच्याचा.

घरी आई विड्या वळते. मी खुर्चीच्या पायाला दोरा बांधून गाठी मारत बसले की ती तेलुगूत हसते, "एवढं आवळतीस कशाला, पान फाटंल." तिची नजर टीव्हीवर आणि बोटं दोऱ्यावर, एक विडी सैल नाही. मला तसे हात हवेत. दिवाळीच्या सुट्टीत इकडं कुणा डॉक्टरांबरोबर फिरता येईल का, की स्पंजच शिवत बसू?

माणकाठचा_डॉक्टर:
पोरी, तुझ्या आईला सर्जरी शिकवायला बसव. गंमत नाही करत. टाका गच्च आवळला की खालचं रक्त थांबतं, कड काळी पडते आणि आठव्या दिवशी मालक फोन करतो, "डॉक्टर, टाकं उसवलं." गाठ सुटू नये आणि कातडी फक्त एकमेकीला टेकावी, एवढंच.

स्पंज दे टाकून. खाटकाकडून बोकडाचं न चिरलेलं पोट आण. वजडीसाठी धुवून कापायच्या आत सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तुकडेच मिळतात. त्याला चीर दे, गोल सुईने कुशिंगचे टाके घाल, वर लेम्बर्टचे; दोन्ही पोटाची कड आत दुमडून शिवायचे प्रकार. सुई आतल्या अस्तरात जाऊ द्यायची नाही. मग पाणी भरून दाब. थेंब आला की उसव, पुन्हा शिव. इथं मार्क देणारा सर पाणी आहे, वशिला चालत नाही. कातडीसाठी कटिंग सुई, तीही खऱ्या कातड्यावर. म्हशीच्या कातड्यातून सुई काढताना मनगट कसं वळतं ते स्पंजला काय कळणार!

आता दुसरं. तुम्ही पोरं ऑपरेशन ऑपरेशन करता, पण फिल्डवर निम्मं काम जनावर धरण्यात जातं. रविवारी सांगोल्याच्या बाजारात नुसती उभी राहा. खिलार जातीचा खोंड वेसणीला हात लावू देत नाही, तो मालक कुठून जवळ जातो, दावं कुठल्या अंगाने टाकतो ते बघ. जनावर नीट धरलेलं असलं की तुझ्या हाताची निम्मी थरथर तिथंच थांबेल. आणि हो, धरता येत नाही म्हणून झायलाझिन, म्हणजे गुंगीचं औषध, वाढवू नये. गाईला घोड्याच्या मात्रेचा साधारण दहावा हिस्सा पुरतो. जास्त दिलंस तर उभ्याने करायच्या रुमेनोटॉमीत गाय मधेच बसते, मग चीर खाली आणि तू वर.

माझ्याबरोबर यायला हरकत नाही, पण सुरी मी धरणार. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे, नोंदणी झाल्याशिवाय स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही. "शिकतीय पोरगी, करू दे" म्हणणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नकोस.

भटक्यांची_ताई:
मी इंटर्नशिपला आहे. माझा हात भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीने बसला. एकसारखी केस पुन्हा पुन्हा येते, हा मोठा फायदा. पहिल्यांदा अंडाशय वर ओढताना वरचा लिगामेंट (अंडाशय धरून ठेवणारा पट्टा) सुटेना आणि मला घाम. मग कळलं की तो बोटाने चाचपून हळूहळू ताणायचा असतो, हिसका दिला की रक्तवाहिनी तुटते आणि पोटात रक्त शोधत बसावं लागतं. नसबंदीचे नियम २०२३ मध्ये नव्याने आले आहेत, त्यामुळे मान्यता असलेल्या केंद्रातच जा आणि कॉलेजचं पत्र घेऊन जा. थरथर म्हणशील तर कोपर अंगाला चिकटव, करंगळी जनावरावर टेकव. आणि रिकाम्या पोटी चहा पिऊन जाऊ नकोस, माझी अर्धी थरथर चहाचीच होती.

मंगळवेढेकर_खिलारवाला:
ताई, मी डॉक्टर नाही, बैलवाला. आमच्या बैलाला शिंगाचा कॅन्सर झालेला. आधी नुसतं मान झटकायचा, मग शिंग एका अंगाला कलायला लागलं आणि त्याच बाजूच्या नाकपुडीतनं रक्त. आम्हाला वाटलं जळू गेली. शिंग कापायचं म्हटल्यावर वडील दोन दिवस जेवले नाहीत, खिलाराची शान ती शिंगंच की. डॉक्टरांनी डोळा आणि शिंगाच्या मधल्या कडेला भुलीचं इंजेक्शन दिलं, बुडातनं शिंग काढलं, कातडी ओढून शिवली.

बरोबर एक शिकाऊ पोरगं आलेलं. टाके त्यानं घातले का डॉक्टरांनी, आता आठवत पण नाही. पण नंतर ड्रेसिंगला ते रोज यायचं. माशी बसली तर आत अळ्या पडतील म्हणून वडिलांकडनं पट्टी बांधून घ्यायचं, चुकली की सोडायला लावायचं. दुखण्यावर मी मेडिकलातनं माणसाचं डायक्लोफेनॅक आणलं तर दिलं नाही. म्हणालं, ते दिलेलं जनावर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडं मरतात, म्हणून जनावरांना २००६ पासून बंद आहे, मेलोक्सिकॅम आणा. आज आमच्या वस्तीवर काही झालं तर लोक त्याचाच नंबर मागतात.

पूर्वभागची_पोर:
सगळ्यांना थँक्यू! खाटकाकडं बोलले. त्याला वाटलं मी यूट्यूबवर रेसिपी टाकणार. पहिलं पोट तीन ठिकाणी गळालं, आई लांबूनच नाक धरून बघत होती. डॉक्टर, शेळीवर सराव झाला तर लिग्नोकेन गाईसारखंच द्यायचं का?

माणकाठचा_डॉक्टर:
अजिबात नाही. शेळी त्याला नाजूक, जास्त झालं तर झटके येतात. वजन करून हिशोब मांड, दोन टक्क्यांचं पातळ करून एक टक्क्याचं वापर, म्हणजे तेवढ्याच औषधात जागा जास्त बधिर होते. पाडव्यानंतर ये. गमबूट आणि खांद्यापर्यंतचे हातमोजे स्वतःचे आण, माझे तुला ढगळ होतील. आणि येताना कॉलेजचं पत्र विसरू नको.