पित्ताशयातील खड्यांसाठी संपूर्ण पित्ताशय काढणे आवश्यक असते का?

प्रश्न
माझ्या आईचे वय ५८ वर्षे आहे. दोन महिन्यांत तिला तीनदा रात्रीच्या जेवणानंतर उजव्या बरगडीखाली असह्य कळ आली आणि ती पाठीत खांद्यापर्यंत गेली. सोनोग्राफीत पित्ताशयात अनेक खडे दिसले; सर्वांत मोठा १४ मिलिमीटरचा आहे. सर्जन दुर्बिणीने पित्ताशयच काढायला सांगतात. मूतखड्याप्रमाणे नुसते खडे काढता किंवा विरघळवता येत नाहीत का? आईची काळजी वेगळीच आहे : "पिशवीच काढली तर अन्न पचायचे कसे?"

प्रतिसाद १
मी शल्यचिकित्सक आहे. पित्त तयार होते यकृतात; पित्ताशय ते केवळ साठवते व दाट करते. ते काढल्यावर पित्त थेट आतड्यात उतरत राहते, त्यामुळे पचन चालू राहते. काहींना सुरुवातीला तेलकट खाल्ल्यावर जुलाब होतात, एवढेच. नुसते खडे काढले तर ज्या पिशवीत ते तयार झाले ती तशीच राहते आणि खडे पुन्हा होतात. विरघळवणारे औषध लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवरच, तेही महिनोन्‌महिने घेतल्यावर थोडेफार चालते. १४ मिलिमीटरच्या खड्यावर त्याचा भरवसा धरू नये. त्रास न देणाऱ्या खड्यांना सहसा हात लावत नाहीत, परंतु आईंना वारंवार कळ येत आहे. पोटावर साधारण चार लहान छिद्रे घेऊन ही शस्त्रक्रिया होते. मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका थोडा असला तरी खरा आहे. म्हणून दाह फार असेल तर सर्जनने पोट उघडण्याचा निर्णय घेणे हे अपयश समजू नये.

प्रतिसाद २
मी हीच कळ अॅसिडिटी समजून वर्षभर अंगावर काढली. अखेर एक खडा नलिकेत अडकला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली. आधी तोंडावाटे दुर्बीण घालून तो खडा काढावा लागला आणि मग पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त दुखत होता. पोटात भरलेल्या वायूमुळे असे होते हे परिचारिकेने सांगितले, तेव्हा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी डबीत खडे दाखवले : हरभऱ्याएवढे, पिवळट, कडा घासून गुळगुळीत झालेले.

प्रश्नकर्ता
दोन्ही प्रतिसाद आईला वाचून दाखवले. ती तयार आहे, फक्त दिवाळीनंतर करू म्हणते.

प्रतिसाद १
तारीख सर्जनना विचारूनच ठरवा आणि यकृताची रक्ततपासणी आताच करून घ्या. मधल्या काळात थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा कळ काही तासांत थांबली नाही, तर त्याच रात्री रुग्णालयात न्या.