मदत हवी आहे: दोन प्रोसेसरांच्या वीजवापराची तुलना नेमकी कशी करायची?

नवा डेस्कटॉप जुळवतोय. एएमडीचा रायझन ७ ७७०० की इंटेलचा कोअर आय५-१३६००के, एवढंच ठरायचं राहिलंय. मशीन चोवीस तास चालू राहणार: बहुतेक वेळ रिकामं, रात्री काही तास ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं रेंडरिंग (सीनवरून चित्र बनवणं), तेही प्रोसेसरवरच. गेमिंग नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

टीडीपीवरून, म्हणजे कंपनीने दिलेल्या वॉटच्या आकड्यावरून, काहीच कळत नाही. रायझनवर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण मर्यादा ८८ वॉटची. इंटेलचे १२५ वॉट टर्बोत (प्रोसेसर वेग वाढवतो तेव्हा) १८१ पर्यंत जातात. शिवाय जास्त वॉट घेणाऱ्याने काम लवकर उरकलं, तर एकूण वीज कमीही लागू शकते. म्हणून मला एका रेंडरमागचे वॉट-तास हवेत.

दोन मित्रांकडे हे प्रोसेसर आहेत. दोन्हींवर एकच सीन चालवून पाहिला. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमधली 'पॅकेज पॉवर' (फक्त प्रोसेसरचा वापर) आणि प्लगला लावलेल्या मीटरचा आकडा यांत बरीच तफावत येते. साहजिक आहे, मीटरमध्ये मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लायमधला तोटा सगळंच धरलं जातं. दोघांचे पॉवर सप्लाय वेगळे आहेत आणि अदलाबदल शक्य नाही.

अशा वेळी मीटरच्या आकड्यातून मशीन रिकामं असतानाचा वापर वजा करून तुलना करावी, की माझ्यासारख्या वापरात तोच भाग सर्वांत महत्त्वाचा म्हणून दोन्ही वेगवेगळे मोजावेत? आणि एचडब्ल्यूइन्फोचा आकडा एएमडी-इंटेल तुलनेत कितपत ग्राह्य धरता?