उपग्रहाचा 'ॲटिट्यूड' : रोख म्हणावं की पवित्रा?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. भाचीच्या इंजिनिअरिंग प्रोजेक्टचा सारांश मराठीत करून देतेय. उपग्रहाच्या सहाही बाजूंचं तापमान मोजायचं आणि त्यावरून तो कक्षेत कसा वळलेला आहे ते काढायचं, असा विषय. इंग्रजीत ह्याला ॲटिट्यूड म्हणतात. अभिवृत्ती हा शब्द मिळाला पण तो माणसाच्या मनाचा, आणि 'स्थिती' म्हटलं तर वाटेल उपग्रह कुठे आहे ते शोधतायत. 'रोख' चालेल का?

—

ताई, रोख छानच आहे. इथे दिवसभर 'हवा का रुख' कानावर पडतं तोच हा शब्द, मूळ फारसी, आणि फारसीत रुख म्हणजे चेहरा, गाल. थंडीत गच्चीवर डोळे मिटून बसलं तरी सूर्य कुठे आहे ते गालाला कळतं, ऊन समोरून आलं की चटका, तिरपं झालं की कमी, अगदी तसंच. तिथे ऊन दर चौरस मीटरला १३६१ वॅट, मधे हवा नाही, त्यामुळे उन्हातली बाजू आणि सावलीतली बाजू ह्यांत फरक चांगलाच पडतो.

—

मला रोख अपुरा वाटतो. बंदूक नळीभोवती फिरवली तरी तिचा रोख तोच राहतो ना? उपग्रहाचंही तेच, सूर्याकडे एक बाजू धरून तो त्याच रेषेभोवती कितीही फिरला तरी कुठल्याच बाजूचं ऊन बदलत नाही, म्हणजे नुसत्या उन्हावरून अर्धंच कळतं. म्हणून पृथ्वीची धगही मोजावी लागते, ती सरासरी २४० वॅट, उन्हापेक्षा पुष्कळ कमी पण रात्रीच्या बाजूलाही चालू असते, ऊन उतरल्यावर गच्चीची भिंत पाठीला ऊब देते ना तशी. सूर्य एकीकडे आणि पृथ्वी दुसरीकडे, दोन्ही एका रेषेत नसले की मगच सगळा पत्ता लागतो. ह्या सगळ्याला मी 'पवित्रा' म्हणेन. आखाड्यात पैलवान पवित्रा घेतो त्यात तोंड कुठे एवढंच नसतं, कुठला पाय पुढे, कंबर किती वाकलेली, सगळं येतं. आणि 'कडक पवित्रा' म्हणतो तेव्हा मनाचाही ॲटिट्यूड त्यातच.

—

पवित्रा! हे सुचलंच नव्हतं. मग सूर्याच्या दिशेपुरता रोख आणि पूर्ण माहितीला पवित्रा, दोन्ही ठेवते. आता एकच अडकलंय, उपग्रह वळला तरी पत्रा लगेच गार होत नाही, सेन्सर मागचंच तापमान दाखवत राहतो. गॅस बंद केल्यावरही तव्यावर शेवटची पोळी भाजून निघते, तसं. ह्याला 'उरलेली धग' लिहिलंय, कुणाला ह्याहून नेमका सुचला तर सांगा.