मदत हवी आहे: २८ मिमी मिनिएचरवर पुट्टीची फर कोरताना केस विंचरल्यासारखे दिसतात आणि कडा सुटतात

तांबडा_लांडगा
टेबलावरच्या खेळातल्या, साधारण २८ मिमी उंच प्लास्टिकच्या योद्ध्याचा कापडी झगा घासून सपाट केलाय. तिथे लांडग्याचं कातडं हवंय: खांद्यावर दाट आयाळ, पाठीवरून साधारण २० मिमी खाली, शेवटी फाटकी कड. हाताशी ग्रीन स्टफ (निळा आणि पिवळा भाग मळून होणारी हिरवी इपॉक्सी पुट्टी), मिलिपुट (सुकल्यावर जास्त कडक होणारी दुसरी इपॉक्सी पुट्टी), ११ नंबरचं पातं, शिवणाची सुई आणि मेणकामाचं स्टीलचं अवजार आहे.
सुईने ओढलेल्या रेघा सरळसोट समांतर येतात, फर वाटतच नाही. काही रेघा थोड्या वेळाने आपोआप बुजतात. शिवाय कोरताना पुट्टीची कड प्लास्टिकपासून उचलली जाते. अवजार चुकतंय की वेळ?

मेणबोट्या
दोन्ही. पण त्याआधी नजर चुकतेय.
या मापाला प्रत्यक्षाच्या साठाव्या हिश्शाच्या आसपास धरा. ०.२ मिमीची रेघ म्हणजे खऱ्या जगात १२ मिमी जाड केस. तेव्हा एकेक केस कोरायचा नादच सोडा, इथे फक्त झुबके कोरता येतात. फर म्हणजे रेघा नव्हेत, एकमेकांवर पडलेले टोकदार झुबके.
घासलेल्या झग्यावर आधी पेन्सिलीने बाण काढा. कण्यापासून दोन्ही बाजूंना बाहेर, खांद्यावर पंख्यासारखे पसरलेले, पुढे सगळे खाली. हे बाण नसतील तर पुढचं कोरीव काम कितीही चांगलं असो, कातडं खोटंच दिसतं.
मग कौलं रचतात तसं खालून वर या. सर्वांत खाली ४ ते ५ मिमी रुंद, १ मिमी जाड पट्टी लावा. अवजाराच्या धारेने खोल चर दाबून तिचे झुबके पाडा. प्रत्येक झुबका मुळाशी दीड मिमी रुंद आणि टोकाकडे निमुळता. दोन टोकांच्या मधली पुट्टी इंग्रजी व्ही आकारात कापून काढा, कारण डोळ्याला फर जाणवते ती त्या सावलीमुळे. त्यानंतरच झुबक्याच्या अंगावर दोन किंवा तीन बाकदार रेघा, टोकाशी एकत्र येणाऱ्या. तीनच्या वर गेलात की पुन्हा कंगवा फिरवल्यासारखं दिसेल.
वरची पट्टी खालच्या झुबक्यांची मुळं झाकेल अशी बसवा आणि तिचे झुबके खालच्यांच्या फटींवर येऊ द्या. लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवा, चार-पाच झुबक्यांमागे एक आडवा वळलेला असू द्या. आयाळीत झुबके ५ ते ६ मिमी, पाठीवर ३, तोंडावर आणि पंजांवर नुसते अर्ध्या मिमीचे टोचे.
सुई बाजूला ठेवा. ती पुट्टी नांगरते, दोन्ही काठांना बुरे (उचललेले खरखरीत कंगोरे) उभे करते. मेणकामाच्या अवजाराची चपटी धार तिरकी टेकवून दाबत ओढली की चर स्वच्छ येतो. धार ओली हवी, पण थेंब नको. चरात पाणी साचलं की अवजार घसरतं आणि धार बोथट उमटते.

शून्य_नंबर_ब्रश
+१. रेघा बुजतात त्याचं कारण घाई. नुकती मळलेली पुट्टी चिकट आणि मऊ असते, पाडलेला चर ती भरून काढते. म्हणून मळली की लगेच चिकटवा, पण कोरायला अर्धा तास थांबा. नेहमीच्या हवेत साधारण ३० ते ७० मिनिटांचा काळ फरसाठी उत्तम. दीड तासानंतर ती रबरासारखी उसळी मारते आणि रेघ फाटते. उन्हाळ्यात हे सगळं लवकर होतं, थंडीत उशिरा.
कड उचलते त्याचं कारण याच्या उलट, म्हणजे लावायला उशीर. अर्धवट घट्ट झालेली पुट्टी गुळगुळीत प्लास्टिकला धरत नाही. साबणाच्या पाण्याने भाग धुवा, पात्याने आडव्या-उभ्या चरा पाडा, ताजी पुट्टी कागदाइतकी पातळ दाबून चोळा आणि तिच्यावर लगेच पट्टी बसवा. भार येणार असेल तिथे ०.८ मिमीची दोन-तीन भोकं पाडून पुट्टी आत ढकला.
आणखी एक: ग्रीन स्टफच्या पट्टीत निळा आणि पिवळा भाग जिथे एकमेकांना टेकलेले असतात, तो दीड-दोन मिमीचा पट्टा कापून फेकून द्या. तो आधीच कडक झालेला असतो. मळल्यावर त्याचे कण राहतात आणि नेमके झुबक्याच्या टोकावर आडवे येतात.

खरखरीत
नुसतं ग्रीन स्टफ कशाला? अर्धं मिलिपुट मिसळा. दोन्ही आधी वेगवेगळी नीट मळून मग एकत्र करायची. उसळी कमी होते, धार टिकते, सुकल्यावर पॉलिश पेपरने घासताही येतं. घासताना मास्क लावा, आणि मळताना नायट्राइलचे हातमोजे. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही.

मेणबोट्या
पाठीसाठी मिश्रण मान्य. पण झग्याच्या कडेपलीकडे १ मिमी लोंबणारी टोकं नुसत्या ग्रीन स्टफचीच करा, त्यातही पिवळा भाग किंचित जास्त. सुकल्यावर ती वाकतात. मिलिपुट जास्त असलेलं पातळ टोक खेळताना बोट लागलं की तुटतं.

तांबडा_लांडगा
खालची ओळ ओली असताना वरची लावली तर बोटाने चेपते. पूर्ण २४ तास थांबायचं का?

शून्य_नंबर_ब्रश
नाही. तीन-चार तासांनी ती बोटाचा दाब सोसते. घाई असेल तर टेबल-लॅम्प वीतभर अंतरावर ठेवा, मिनिएचर हाताला गरम लागली की दिवा लांब. ओव्हन नको, प्लास्टिक वाकतं. मळून उरलेली पुट्टी फ्रीजरमध्ये टाकली तर काही तास कामाची राहते. २४ तास थांबायचं ते प्रायमरआधी (रंगाखालचा पहिला थर).

खरखरीत
प्रायमरच्या आधी एक तपासणी. हिरवी पुट्टी चकाकते, त्यामुळे चर किती खोल आहेत ते कळत नाही. पातळ काळा वॉश (खाचांत उतरणारा पाणीदार रंग) एकदा फिरवा आणि दिवा बाजूने धरून बघा. वॉश जिथे थांबत नाही तिथे ड्रायब्रशही (जवळपास कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिरवलेला रंग) काही पकडणार नाही, तेवढा झुबका कापून नवा लावा. अवजाराला व्हॅसलिन लावत असाल तर भांड्यांचा साबण आणि मऊ टूथब्रशने धुवून घ्या, नाहीतर रंग सुटतो. प्रायमर दोन पातळ हातांत. एकदाच जाड मारलात तर त्या बारीक रेघा पहिल्या भरतात.