डायनासोरना टोपणनावं ठेवणं हा पोरखेळ आहे का?

जांभाचिरा
काल 'लामेटा' यांनी लिहिलं: "शेल्फावरच्या डायनासोरच्या मूर्तींना भीम, चिंगी, बाबल्या असली नावं ठेवणारे संग्राहक नव्हेत, खेळणारी पोरं आहेत. शास्त्रीय नाव असताना दुसरं हवंच कशाला?" खाली पंधरा-वीस जणांनी माना डोलावल्या. माझी काही डोलली नाही, म्हणून हा वेगळा धागा.

शास्त्रीय नाव जातीचं असतं, नगाचं नसतं. समजा कपाटात चार टी. रेक्स आहेत. एक 1:35 मापाचा, एक 1:40 चा, एक पिसंवाला, आणि एक जुन्या घडणीचा, शेपूट जमिनीला टेकवून कांगारूसारखा उभा. चौघांपुढे 'टिरॅनोसॉरस रेक्स' अशा चार पट्ट्या लावून कोणाला काय कळलं? शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या सांगाड्याला एफएमएनएच पीआर 2081 असा नोंदणी क्रमांक आहे. जग त्याला 'स्यू' म्हणतं, 1990 मध्ये ज्या बाईंना तो सापडला त्यांच्यावरून. नर की मादी ते अजून ठरलेलं नाही, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. 'स्टॅन' हा दुसरा टी. रेक्सचा सांगाडा 2020 मध्ये 3 कोटी 18 लाख डॉलरना विकला गेला, तो काय क्रमांकाने ओळखला जायचा?

लामेटा
स्यू खरी हाडं आहेत महाराज. तुमचा टी. रेक्स चीनमधल्या साच्यातून निघालेला आहे, त्याचे हजारो जुळे भाऊ जगभर आहेत. नगाला ओळख हवी तर आकडा द्या. टीआर-01, टीआर-02. झालं काम.

आणि नावं ठेवणाऱ्यांचं नेहमीचं ठरलेलं असतं: टी. रेक्स आला की 'राजा'. मग वर्षभराने राजासॉरस आणला की त्याला काय म्हणणार, राजा धाकटा? राजासॉरस नर्मदेन्सिस 2003 मध्ये जाहीर झाला, हाडं गुजरातच्या रहिओलीची. आपल्याकडचा एक धड शिकारी, आणि त्याचं नाव तुम्ही अमेरिकन प्राण्याला देऊन बसलेले.

जांभाचिरा
लंडनच्या म्युझियममधला 'डिप्पी', म्हणजे डिप्लोडोकस, हासुद्धा साचाच आहे हो. मूळ सांगाडा पिट्सबर्गला. 1905 मध्ये लंडनला आला तो प्लास्टरचा. तसेच साचे बर्लिनला गेले, पॅरिसला गेले. म्हणून लंडनवाल्यांनी त्याला 'डीसी-01' नाही म्हटलं.

बरं, शास्त्रीय नाव तरी कुठे पक्कं? ब्रॉन्टोसॉरस 1879 मध्ये आला, 1903 मध्ये तो अ‍ॅपॅटोसॉरसच आहे म्हणून मोडीत काढला, 2015 मध्ये एका मोठ्या अभ्यासाने परत उभा केला. जबलपूरचा टायटॅनोसॉरस इंडिकस 1877 चा, तोही 2003 मध्ये संशयित नावांच्या यादीत गेला. पट्टी तुम्ही किती वेळा बदलणार? 'बाबल्या' मात्र तेव्हाही बाबल्या, आजही बाबल्याच.

राजाचा मुद्दा मान्य. तेवढाच.

रंगारी_मडगाव
नाव काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा, पण लिहिता कुठे ते आधी सांगा. पोटाखाली पर्मनंट मार्करने लिहिणारे हात वर करा. या मूर्तींच्या मऊ प्लास्टिकमध्ये, पीव्हीसीत, शाई मुरते. महिन्याभरात अक्षर जाडं होतं, वर्षभरात भोवती निळसर वलय येतं आणि 'भीम'चा 'डाग' होतो. मग स्पिरिटने घासा, की वरचा रंगही गेला. अ‍ॅसिटोन तर लांबच ठेवा, प्लास्टिक चिकट होऊन बसतं. चिकटपट्टीचं लेबलही नको. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेलं तेल हळूहळू वर येतं, ते गोंदाशी मिसळतं, आणि लेबल सरकत सरकत शेपटीकडे जातं. आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

खाजनकाठ
रंगारीबाब, मग लिहायचं कुठे? अर्धंच सांगून गेलात.

रंगारी_मडगाव
मूर्तीवर नाहीच. बैठकीवर. 3 मिमी जाडीची अ‍ॅक्रिलिकची चकती कापून घ्या, टी. रेक्सला 12 ते 14 सेंमी व्यासाची पुरते. पुढच्या कडेला 60 बाय 15 मिमीची कार्डाची पट्टी, 300 जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) खाली जाऊ नका, पातळ कार्ड जुलैत द्रोणासारखं वळतं. शाई पाण्याने न फुटणारी घ्या. घरच्या इंकजेटची छपाई दमट हवेत पसरते. बैठक नको असेल तर सुती दोऱ्याने मागच्या पायाला चिठ्ठी बांधा. रबरबँड नको, तो वितळून पायाला चिकटतो.

आणि दोन पायांवरचे सगळे मे महिन्यात पुढे वाकतात. पाय 75-80 अंशाच्या पाण्यात मिनिट-दीड मिनिट बुडवायचा, सरळ करून धरायचा, तसाच बर्फाच्या पाण्यात तीन मिनिटं. उकळत्यात टाकू नका, घोट्याचा रंग सुटतो. मूर्तीबरोबर छातीखालची पारदर्शक काठी आली असेल तर ती शोभेची म्हणून फेकू नका. वाकणं तीच थांबवते.

लामेटा
विषय नावांचा होता. धाग्याचं इस्पितळ झालं.

खाजनकाठ
इस्पितळच लागतं हो गोव्यात. कपाटात बुरशी येते त्याचं काय? डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर चालतील?

रंगारी_मडगाव
अजिबात नाही! गोळ्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन (डब्यांचं कडक प्लास्टिक) मऊ पडतं, पारदर्शक डबे धुरकट होतात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओले. ते ओव्हनमध्ये 120 अंशाला दोनेक तास सुकवायचे, पण ज्या भांड्यात जेवण होतं त्यात नको, निळा रंग कोबाल्टचा असतो. नारिंगी दाणे मिळाले तर तेच घ्या. मूर्ती चिकट लागायला लागली तर कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, आणि पंख्याखाली पूर्ण कोरडी. ओली आत ठेवलीत तर गणपतीपर्यंत खवल्यांत पांढरं बसलंच म्हणून समजा.

व्याकरणमास्तर
एक गोष्ट कोणीच बोलत नाही. 'सॉरस' की 'सौरस'? 'डायनासोर', 'डायनोसॉर', 'डायनॉसोर'? एकाच धाग्यात तीन प्रकार चालतात. आणि 'टी-रेक्स' असं जोडरेघेने लिहिणाऱ्यांना कोणी आवरा. प्रजातीचं नाव आखडलं की टिंब येतं: टी. रेक्स. जांभाचिरा यांनी बरोबर लिहिलंय, त्याबद्दल त्यांचं अभिनंदन, बाकी त्यांचं सगळं चूक.

फोंड्याची_मावशी
मास्तर, पट्टीवर देवनागरीत लिहायचं म्हटलं की पहिला घोळ आयसिसॉरसचा होतो, त्यावर बोला. तो आपल्या शेजारचा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा. नाव कोणा देवीवरून नाही, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. लोक 'इसिस' वाचून तोंड वाकडं करतात. बारापासॉरसचंही तसंच. 'बारा पाय' असं वाचणारे भेटतात! बंगालीत 'बडा पा', मोठा पाय. पुढचं 'टॅगोरी' रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीवरून. इतकी गंमत शास्त्रीय नावातच असताना वर चिंगी कशाला, हे लामेटांचं म्हणणं मला पटतं.

पण मायासौराला मी 'माया' म्हणते आणि म्हणणारच. 1979 मध्ये नाव ठेवणाऱ्यांनी मुद्दाम स्त्रीलिंगी 'सौरा' केलं, अर्थ 'चांगली आई'. 'माया' हा ग्रीक शब्द आपल्याकडे इतका चपखल बसेल हे त्यांच्या गावीही नसेल.

जांभाचिरा
म्हणजे मावशी, टोपणनाव तुम्हालाही लागतंच. उगीच लामेटांच्या पंगतीत बसू नका.

फोंड्याची_मावशी
पंगतीत बसले म्हणून पानातलं सगळं खायलाच हवं असं नाही.

खाजनकाठ
आपल्या मातीतली नावं घ्या की. स्पायनोसॉरसला 'संकासूर'. तो वेद चोरून समुद्रात लपला, मत्स्यावताराने मारला. हा मासेखाऊ, पाण्यातला. टी. रेक्सला 'नरकासुर'. आणि पौष अमावास्येला फोंड्यातल्या खाजनांत, खाडीकाठच्या शेतांत, चिखलाची मगर करून पुजतात, 'मानगें', ते नाव एखाद्या बुटक्या आडव्या प्राण्याला शोभेल. एखाद्याचं नाव 'गोवासॉरस' ठेवायलाही हरकत नाही.

लामेटा
नरकासुर दिवाळीच्या पहाटे जाळतात. सात हजारांचा टी. रेक्स जाळणार का? मानगें देवाचं आहे, ते शेल्फावर नको. आणि गोवासॉरस म्हणजे कहरच! गोव्याचा बहुतेक खडक दोन अब्ज वर्षांहून जुना आहे. डायनासोर आले त्याच्या कितीतरी नंतर. जांभा त्यानंतर बनला खरा, पण तो झिजून बनलेला दगड, त्यात हाड टिकत नाही. ज्या भूमीत एक दातसुद्धा मिळायचा नाही तिच्या नावाचा प्राणी!

संकासूर बरं आहे.

जांभाचिरा
काय म्हणालात? परत म्हणा, मास्तरांनी ऐकलं नाही.

लामेटा
बरं आहे म्हटलं, चांगलं नाही म्हटलं. त्याला अट आहे. टोपणनाव प्राण्याच्या वागण्यावरून ठेवू नका. ओव्हिरॅप्टर अंड्यांजवळ सापडला म्हणून 1924 मध्ये 'अंडीचोर' झाला. 1990 च्या दशकात तसल्याच अंड्यात त्याच्याच कुळाचं पिल्लू निघालं. बिचारा अंडी उबवत होता आणि सत्तर वर्षं चोर म्हणवून घेत होता. संशोधकांचं हे, तर तुमच्या संकासुराचं काय? स्पायनोसॉरस पाण्यात खोल पोहायचा की काठावर उभा राहून मासे पकडायचा, यावर अजून भांडणं चालू आहेत. उद्या काठावरचा ठरला तर संकासुराला समुद्रातून बाहेर काढणार का? नाव मूर्तीवरून ठेवा, प्राण्यावरून नको. रंगावरून, उभं राहण्यावरून, साच्याच्या शिवणीवरून.

रंगारी_मडगाव
हे पहिलं कामाचं बोललात. आणि वहीत हे सगळं एका ओळीत असू द्या: नोंद क्रमांक, पोटाखाली कंपनीने उठवलेलं नाव आणि साल जसंच्या तसं, आजचं शास्त्रीय नाव आणि ते कधी लिहिलं तो महिना, माप, मग टोपणनाव. विकायची वेळ आली की गिऱ्हाईक पोटाखालचं नावच शोधतं, बाबल्या कोणी शोधत नाही. दोन टोपणनावं एकाच अक्षराने सुरू करू नका, डब्यावर आद्याक्षर लिहिलं की घोळ होतो.

व्याकरणमास्तर
'संकासूर' नव्हे, शंखासुर. सु ऱ्हस्व.

खाजनकाठ
शिमग्यात नाचतो तो संकासूरच, मास्तर. तुमचा शंखासुर पोथीत ठेवा.

व्याकरणमास्तर
मग पट्टीवर कंसात मूळ रूप तरी द्या.

रंगारी_मडगाव
60 मिमीत मावणार नाही. 80 ची कापा.